मनगटावर तीन वेळा

चाळिशी ओलांडल्यावर माझी चप्पल पायातून निसटायला लागली. पनवेलच्या मासळी बाजारात फरशी कायम ओली, तिथे कुणाचीही निसटेल. पण माझी कोरड्या जिन्यावरही निसटायची, आणि दर वेळी मला वडील आठवायचे. त्यांचीही सुरुवात चपलेपासूनच झाली होती.

वडील उरणचे, समुद्रावर जाणारे. होडी त्यांची आणि काकांची मिळून. एका नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा मान वडिलांचा होता. ताट घेऊन ते निघाले, धक्क्यावर दोनदा झोकांडले आणि मग पडलेच. नारळ घरंगळत गेला. साऱ्या गावासमोर काका ओरडले, "आजच्या दिवशी पन ढोसून आलास? उद्यापासून होडीवर पाय ठेवायचा नाय!"

वडील दारूच्या थेंबाला शिवत नसत. काकांना ते पक्कं ठाऊक होतं, असं मी आजही मानते.

त्यानंतर वडील आधी भिंत धरून चालले, मग खुर्चीत बसले, मग पलंगाला खिळले. जीभ जड झाली. गावात सगळे म्हणायचे, दारूने पोखरलं. मी एकुलती एक. शेवटी शेवटी घास मीच भरवायचे. ते गेले, मी टोपली घेऊन बाजारात बसले, पुढे पनवेलच्या हॉटेलांना मासळी पुरवू लागले, तिथेच जवळ विचुंब्याला घर घेतलं. काकांच्या दारात पाऊल टाकलं नाही.

आणि दहा-बारा वर्षांपूर्वी एक दिवस काकांचाच फोन आला. शब्द एकमेकांत अडकत होते.

"बाय, मला पन तेच झालंय. डॉक्टर बोलतो, घरान्यातला आजार हाय. तुला पन बोलावलंय."

पहिला विचार आला तो असा: आता बोल, कोण ढोसून आलं? दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. घराण्यातला, म्हणजे माझ्यातलाही.

डॉक्टर पनवेलच्या एका इस्पितळात आठवड्यातून एकदा यायचे. तरुण, शांत माणूस. आजाराचं नाव अ‍ॅटॅक्सिया, तोल जाण्याचा आजार, आमच्याकडे रक्तातून आलेला. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलात येणं न येणं म्हणजे छापा की काटा. मूळ दुखणं लहान मेंदूचं, पण हातापायांतल्या मज्जातंतूंवरही त्याचा परिणाम होतो. ते तंतू एरवी विजेचे झटके देऊन तपासतात. सोनोग्राफीत काही दुखत नाही; तंतूंची जाडी मोजून आजारी आणि निरोगी माणसांत फरक दिसतो का, हे डॉक्टर शोधत होते.

"म्हणजे मला आहे की नाही ते कळेल," मी म्हटलं.

"नाही ताई. यावरून एका माणसाचं सांगता येत नाही. ते येतं का, हेच तर बघतोय."

मी आयुष्यभर "परवडत नाही" हे वाक्य ऐकत आले आहे. ते म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने परवडवून घेतो. डॉक्टरांचं "नाही" मला तसलंच वाटलं. सोनोग्राफीच्या खोलीत नेहमीची पाटी होती: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर, मुलगा-मुलगी नका सांगू. मी आडवी होणार की उभी राहणार, तेवढंच हळूच सांगा."

ते हसले. "खरंच माहीत नसणार मला."

"बरं. हात मी देते. मग नवऱ्यालाही तपासा."

सोबत आलेला नवरा चमकला. "मला कशाला?"

"तुलनेला निरोगी माणसं लागतातच," डॉक्टर म्हणाले. "बसा दादा."

संमतीच्या कागदावर सही करताना मी मनात म्हणाले, कागदावर काहीही लिहा, उत्तर मी काढून घेईन.

नवऱ्याचा नंबर आधी लागला. तेवढ्यात हॉटेलवाल्याचा फोन आला. पापलेट नरम निघालं म्हणे. बर्फ त्याने टाकला नाही आणि दोष माझ्या मासळीला! दाराशी उभी राहून मी त्याला झाडत होते. परत वळले तेव्हा नवरा रुमालाने हात पुसत होता.

मग मी. थंडगार जेल मनगटाला लावलं, त्यावर छोटं यंत्र टेकवलं. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा आणि मधे एक गोल, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. "हा तुमचा मज्जातंतू," डॉक्टर म्हणाले. मी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. बाजारात मी मासळीकडे बघत नाही, ती मला माहीत असते. मी गिऱ्हाइकाचं तोंड बघते. तसं मी डॉक्टरांचं तोंड बघायला लागले.

त्यांनी मोजलं. शेजारी लिहून घेणाऱ्या मुलीला आकडा सांगितला. मग यंत्र उचललं, परत तिथेच टेकवलं, परत मोजलं. कपाळावर आठी आली. "पुन्हा एकदा," ते म्हणाले. तिसऱ्यांदा.

वजन बरोबर भरलं तर कोण तिसऱ्यांदा काटा लावतो?

"काय दिसलं?"

"काही नाही ताई. हात सैल सोडा."

त्यानंतरचा महिना मी कसा काढला, मलाच माहीत. घरातल्या फरशीच्या सांध्यावरून एका रेषेत चालून बघायचे, टाचेला अंगठा लावून. सकाळी जमायचं, दुपारी नाही. डोळे मिटून नाकाला बोट लावायचे. कोयता हातात घेतला की बोटं थरथरतात का ते बघायचे, आणि बघत बसलं की ती थरथरायचीच. गिऱ्हाइकं "महाग आहे" म्हणाली तरी मी वाद घालेना. बाजारातली शेजारीण म्हणाली, "बरं नाय का गं? फुकट वाटायला लागलीस?" मी तिच्यावर इतकी खेकसले की ती चार दिवस बोलली नाही. आमची मुलगी बारावीला होती. तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि तिची चप्पल वाजली तरी मी दचकून बघायचे.

शेवटी एका सकाळी मी इस्पितळात घुसले. नवरा मागून धावत आला.

"डॉक्टर, माझ्यापासून लपवू नका! तीन-तीनदा मोजलंत, तोंड पाडलंत. काय निघालंय ते आत्ताच्या आत्ता बोला."

ते गोंधळले. "अहो ताई, आम्ही प्रत्येकाचं प्रत्येक ठिकाण तीनदा मोजतो. सरासरी काढायला. पद्धतच आहे ती."

"आणि आठी?"

"जेल वाळलं की चित्र धूसर होतं."

नवरा म्हणाला, "माझं पण तीनदा केलं की."

मी त्याच्याकडे वळले. "मग महिनाभर बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू दारात पापलेटवरून भांडत होतीस."

तोंडावरून माल ओळखायच्या खोडीने मला महिनाभर जाळलं होतं. पण रागाबरोबर धीरही गेला, कारण डॉक्टर पुढे म्हणाले, "खरंच जाणून घ्यायचं असेल तर रक्ताची जनुकीय तपासणी आहे. तिचं उत्तर मिळतं. मात्र घाई नको. आजारावर औषध नाही, त्यामुळे आधी आमच्या समुपदेशकांशी बोला. नको वाटलं तर नका करू."

उत्तर मिळतं म्हटल्यावर मला ते नकोसं झालं. दोनदा समुपदेशकांसमोर बसले, दोनदा रक्त न देता घरी आले. तिसऱ्या वेळी दिलं. माझ्यात नसेल तर मुलीतही नसणार, हा एकच हिशेब डोक्यात होता.

निकालाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर काका बसले होते, आपल्या तपासणीसाठी आलेले. पंधरा वर्षांनी बघत होते मी त्यांना. बाकाची कड दोन्ही हातांनी धरलेली.

"बाय," ते म्हणाले, "भाऊ शेवटी घास कसा गिलायचा गं? मला ठसका लागतो."

हेच मला हवं होतं. त्यांना माझ्याकडचं काहीतरी लागत होतं.

"सांगते. आधी तुम्ही बोला. सगळ्यांसमोर बोलला होतात, तसंच मोठ्याने. माझा बापूस पीत नव्हता."

नवरा कुजबुजला, "अगं, आज नको." मी हटले नाही.

काकांनी मान वर केली आणि ओरडून सांगितलं, "माजा भाऊ पीत नव्हता!" शब्द लटपटले, लाळ गळली, बोलताना अंग एका बाजूला कललं. समोरच्या बाईने पदर नाकाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "सकाळी सकाळी टाकून आलाय बघ."

मी ताडकन उठले. "ओ बाई! पिलेले नाहीत ते! आजारी आहेत. तोंड सांभाळून बोला!"

ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं जळले, ते अखेर मीच बोलले होते, आणि तेही ह्या माणसासाठी.

तेवढ्यात आतून माझा पुकारा झाला.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून मी टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, तुमच्यात तो दोष नाही. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, अजून एकदा. नवऱ्याने माझा हात धरून मला उठवलं.

बाहेर आले. काका विचारू की नको अशा नजरेने बघत होते. मी "नाही" अशी नुसती मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं झालं, बाय."

मी त्यांना माफ केलेलं नाही. तसं काही माझ्याकडून निघालं नाही, निघणारही नाही. पण त्यांच्या शेजारी बसले.

"नीट ऐका," मी म्हटलं. "पेज पातळ नको, घट्ट करायची. पाणी पेल्याने नाही, चमच्याने. आणि गिळताना हनुवटी खाली, छातीकडे. अशी. करून दाखवा बघू."

त्यांनी हनुवटी खाली घेतली. हुबेहूब वडिलांसारखी.