करीच्या दिवशीच्या शिंका

माझा जन्म करीच्या दिवशी झाला. संक्रांतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे कोणी परगावी निघत नाही, नवं कापड कापत नाही, लेकीला सासरी पाठवत नाही. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी कापसानं भरलेली बैलबंडी, भाव चढला म्हणून कर न पाळता, बाजाराला नेताना नाल्याच्या उतारावर उलटली आणि माझ्या मोठ्या बाबांचा, बाबांच्या थोरल्या भावाचा, पाय मोडला. नीट बसलाच नाही तो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मोठ्या आईनं, त्या पायाचा जाब मला विचारायचं ठरवलं. तेव्हा मी दोन तासांची होते.

नेरला आमचं घर एकत्र होतं तोवर बंडी निघायची वेळ झाली की मोठी आई ओरडायची, "पोरीले आत घ्या!" मला मागच्या खोलीत बसवायचे. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब गेला की कडी निघायची. आई काही बोलत नसे. करीच्या दिवशी मात्र ती गुपचूप माझ्या हातात गुळाचा खडा ठेवायची आणि म्हणायची, "लवकर खा."

हे सगळं मी गिळलंही असतं. लहानपणी माणूस पुष्कळ गिळतं. पण छप्पन्न साली, मी सतरा वर्षांची असताना, पुसदहून मला पाहायला माणसं आली. मुलगा शिकलेला, घरची शेती, घर चांगलं. मुलाच्या आईनं माझा हात हातात घेऊन पाहिला, शिवणकाम विचारलं, हसली. जेवणं झाली. मी चहा घेऊन येत होते तेव्हा ओसरीवर मोठीचा आवाज ऐकला. अगदी मायेचा आवाज होता.

"पोरगी गुणाची हाय जी. पण तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं नाही. करीची हाय ते. जन्मली त्याच दिवशी आमच्या घरी काय झालं ते तुम्ही ह्यांचा पाय पाहूनच समजा."

चहा त्यांनी अर्धा ठेवला. पंधरा दिवसांत नकार आला आणि तीन महिन्यांत त्याच मुलाशी मोठीच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. अक्षता टाकायला मोठी नवं लुगडं नेसून गेली.

त्यानंतर बाबांनी वेगळी चूल मांडली. मोठीचं घर समोर, आमचं अलीकडे, मधे फक्त गल्ली. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. लग्नाचं घरात कोणी बोलेना, आणि मीही बोलले नाही. मी मनाशी एकच ठरवलं होतं. या बाईनं ज्या दिवसाच्या नावानं माझं वाटोळं केलं, तो दिवस मी तिच्या डोळ्यांसमोर साजरा करणार. दरवर्षी. वाजतगाजत.

आमच्या शेजारी एक शिंपीण राहायची. नवरा गेल्यावर त्याचं मशीन तिनंच चालवायला घेतलं होतं. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. पहिल्या वर्षी करीच्या सकाळी मी काळं कापड घेऊन तिच्याकडे गेले.

"आज?" ती म्हणाली. "आज तो कोई कपडा काटता नहीं तुमच्यात."

"म्हणूनच आणलं. ओट्यावर बसून काप. समोर दिसलं पाहिजे."

तिनं समोरच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मशीनच बाहेर ओढून आणलं. दुपारपर्यंत पोलकं शिवून झालं. ते घालून मी गल्लीत तीन चकरा मारल्या. मोठीनं दार लावून घेतलं. इतकी गोड संक्रांत मला कधी गेली नव्हती.

पुढच्या वर्षी आम्ही चौघी झालो. एक आमच्या शाळेत पाणी भरणारी विधवा बाई, दुसरी मूल होत नाही म्हणून माहेरी आणून सोडलेली. नियम एकच, त्या दिवशी जे करू नये ते प्रत्येकीनं करायचं. विधवेनं माझ्या हातून हळदीकुंकू लावून घेतलं. लावून झाल्यावर ती अशी हसायला लागली की थांबेना. माहेरी आलेलीनं भर ओट्यावर केस सोडून न्हाण केलं. आम्ही रिकाम्या घागरी डोक्यावर घेऊन शर्यत लावली. खालानं शेवया केल्या होत्या. आणि मग तिनं नवऱ्याची तपकिरीची डबी काढली.

ही कल्पना माझी. मोठी शिंकेला फार मानायची. निघताना कोणी शिंकलं की आत जाऊन बसायची, पाणी प्यायची, मगच पुन्हा उंबरा ओलांडायची. समोरचं दार वाजलं की आम्ही चिमूट ओढायचो. चार बायकांच्या शिंका! मोठी मागे फिरायची. पुन्हा दार, पुन्हा शिंका. त्या दिवशी तिला विहिरीवर जायला दुपार झाली. रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती दारात उभी राहून म्हणाली, "तुमाले कोणाची भीती नाही?"

"सर्दी झाली जी," खाला म्हणाली.

मी रात्री अंथरुणात तो प्रसंग आठवून आठवून हसले.

तिसऱ्या वर्षी, साठच्या पुढचं साल असेल, आम्ही सकाळपासूनच ओट्यावर होतो. साडेनऊच्या सुमारास समोरचं दार उघडलं. मोठी हातात पिशवी घेऊन बाहेर आली. करीच्या दिवशी पिशवी! मला वाटलं, जिद्दीनं निघाली. मी डबी फिरवली. आम्ही शिंकलो. ती आत गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली, यावेळी घाईनं, मान खाली घालून. आम्ही पुन्हा शिंकलो. ती उंबऱ्यावर थबकली. तिचा पाय बाहेर पडायला धजत नव्हता आणि आत वळायलाही तयार नव्हता. शेवटी आत गेली. तिसऱ्यांदा मी एकटीच शिंकले, कारण बाकीच्या हसत होत्या.

थोड्याच वेळात स्टँडकडून दहाच्या येष्टीचा हॉर्न ऐकू आला. मोठे बाबा लंगडत बाहेर आले. त्यांच्या हातात कागद होता.

"गेली ना गाडी," ते कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "पुसदची तार हाय. तिच्या भावाचं लई खराब हाय म्हणते."

खालानं डबी मिटली. मला काय वाटलं ते मी खरं लिहिते. आधी आनंद झाला. अगदी पोटातून. लाज त्यानंतर आली आणि ती आनंदाइतकी मोठी नव्हती.

तासाभरानं मोठी गल्ली ओलांडून आमच्या दारात आली. वेगळं झाल्यापासून पहिल्यांदा. मोठ्या बाबांचा पाय असा, मुलं शेतावर, दहाची गाडी थेट पुसदला जायची, एकच्या गाडीनं मात्र दारव्ह्याला बदलावं लागतं, फलक वाचावे लागतात. तिला अक्षर येत नव्हतं.

"तू चालतं का पुसदले?" तिनं विचारलं.

"मी कशी चालेन? मी करीची आहे."

"तसं नको बोलू आता."

"तूच बोललीस. त्याच पुसदच्या लोकांसमोर. मी चहा घेऊन उभी होते."

माझी आई मागून म्हणाली, "जाऊ दे न वो."

"नाही," मी म्हटलं. "तिनं सांगावं. माझं तोंड पाहून निघालं तर चालते का?"

बाकीच्या तिघी ओट्यावरून पाहत होत्या. मोठीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "चालते."

"मोठ्यानं."

"चालते न वो माय! चाल."

मी चप्पल घातली.

एकच्या गाडीनं निघालो. दारव्ह्याला बदललं, दिग्रसला गाडी बराच वेळ थांबली. अख्ख्या वाटेत ती खिडकीतून तुरीची शेतं पाहत राहिली. पुसदला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. घराच्या वळणावरच बायकांचं रडणं ऐकू आलं. तिचा भाऊ तीनच्या सुमारास गेला होता. शेवटपर्यंत "ताई आली का" विचारत होता म्हणे.

दहाची गाडी अडीचपर्यंत पुसदला पोचते. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

अंगणात भेटायला आलेल्या माणसांत ती बाई होती, जिनं माझा हात हातात घेऊन पाहिला होता. आता त्या भावाची विहीण. मला पाणी देताना तिनं विचारलं, "तू कोनाची वो, बाई?"

तिनं मला ओळखलंच नव्हतं. मी पाच वर्षं ज्या चेहऱ्याला शिव्या देत होते, त्या चेहऱ्याच्या लेखी मी कोणी नव्हतेच.

"नेरची," मी म्हटलं. "तुम्ही पाहून गेलेली. करीची."

तिचा हात तांब्यावर तसाच राहिला. मग ती उठून गर्दीत पलीकडे जाऊन बसली. त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. मयतीच्या घरात वाटायला नको होतं, पण वाटलं.

परतल्यावर मोठीनं गावात सांगितलं की करीला निघाले म्हणून भाऊ भेटला नाही. शिंकांचं नाव तिनं कधी काढलं नाही. ते तिनं मला वाचवायला केलं की ते बोलायचं तिच्यात बळ नव्हतं, मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. खालानं मात्र डबी विहिरीत टाकली. मला म्हणाली, "बेटी, उसको सताना अलग था. उसका भाई हमारा कौन था?"

तिचं बरोबर होतं. त्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं, आजही. त्यानं माझं काही बिघडवलं नव्हतं. पण मोठीबद्दल विचाराल तर नाही. लोक समजतात, मी तिला पुसदला नेलं म्हणजे माफ केलं. मी तिला नेलं, कारण त्या दिवशी मोठ्यानं "चालते" म्हणवून घ्यायचं होतं.

पुढच्या करीला आम्ही चौघी सकाळच्या गाडीनं यवतमाळला गेलो. बाजार फिरलो, बांगड्या भरल्या, विधवेनंही भरल्या, हिरव्या. संध्याकाळी परत येताना माहेरी आलेली गाडीत इतक्या मोठ्यानं गायला लागली की कंडक्टरनं मागे वळून पाहिलं आणि मग तिकिटं फाडता फाडता तोही मान डोलवू लागला.