अर्धा फेरा आधी

दवाखान्याच्या बागेतलं गवत कापायला एक छोटा ट्रॅक्टर होता, आणि तो चालवणाऱ्या माळ्याला सगळे सारथी म्हणत. नाव कौतुकाने पडलेलं नव्हतं. ट्रॅक्टर इतका म्हातारा, की त्याचा मूळ रंग कोणता यावरून नर्सबायांमध्ये दोन तट होते. स्टेअरिंग तर असं सैल, की अर्धा फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता लागायचा नाही. मग एकदम जाग आल्यासारखा ट्रॅक्टर वळायचा.

सारथ्याने यावर स्वतःचा तोडगा काढला होता. अर्धा फेरा आधी. झाड जवळ आल्यावर वळायचं नाही, ते येणार असं वाटलं की हात चालवायला लागायचं. वर्षानुवर्षं हे करून नियम अंगात असा भिनला, की घरातही तेच. मुलगी चौथीत होती तेव्हा तिच्या लग्नाची भांडी घेऊन झाली होती. बस गाठायची तर हा आदल्या बसच्या वेळेलाच थांब्यावर उभा.

"उद्याची आंघोळही आजच उरकून घ्या," बायको म्हणायची.

पण एके दिवशी अंदाज चुकला. दवाखान्याच्या मोठ्या बाई बागेतल्या बाकावर चहा पीत बसल्या होत्या. ट्रॅक्टरने बाकाचा एक पाय उडवला आणि बाई बाकासकट खाली आल्या. लागलं काही नाही, पण चहा सगळा मांडीवर.

साडी झटकत बाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी गुलाबांच्या कडेने एक सरळ पट्टा कापून दाखवा. एका जरी झाडाला धक्का लागला, तर गवताचं काम बाहेरच्या माणसाला देणार. तुम्ही फाटकावर बसा किल्ल्या घेऊन."

फाटकावरच्या स्टुलाची नुसती कल्पना करूनच सारथ्याची भूक मेली. ट्रॅक्टरवर बसला की तो राजा होता. स्टुलावर कोण?

बायकोने देवापुढे दिवा लावला आणि लगेच भावाला फोन लावला. तिचा देवावर विश्वास होता, पण त्याला हाताशी माणूस लागतो, असं तिचं मत होतं.

हा मेव्हणा लेथवर काम करायचा आणि बोलायचाही लेथसारखाच. एकदा सुरू झाला की कीस पाडल्याशिवाय थांबत नसे. रविवारी सकाळीच तो ट्रॅक्टरखाली शिरला.

"दाजी, हे स्टेअरिंग आहे की पाळणा?" खालून आवाज आला. "दांड्याभोवतीच्या कड्या, हे बुश, झिजून कागद झालेत. दातेरी पट्टी बघा, मधले दात सगळे पडलेत, आजोबांच्या तोंडासारखे. इतकी वर्षं तुम्ही हे वळवत होता कशाच्या जोरावर?"

"सवयीच्या," सारथी अभिमानाने म्हणाला.

मेव्हण्याने पितळेचे नवे बुश कातून आणले होते. दातेरी पट्टी भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरची मिळाली. चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची खिळखिळी टोकं बदलली, ग्रीस चोपडलं. तरी पट्टी आणि वरचं गिअर यांत केसभर फट राहत होती. बायकोने बटणांच्या डब्यातून एक वॉशर काढून दिला आणि तो असा फिट बसला, की मेव्हण्याने ट्रॅक्टरखालूनच बहिणीला नमस्कार केला.

सारथी ऐटीत चढला. पहिल्या वळणाला त्याने सवयीप्रमाणे अर्धा फेरा आधी दिला, आणि ट्रॅक्टर तिथल्या तिथे वळून दवाखान्याच्या वाळत घातलेल्या चादरींत घुसला. घाबरून त्याने स्टेअरिंग उलटं फिरवलं, तर ट्रॅक्टर पाण्याच्या टाकीकडे. डोक्यावर चादर घेऊनच तो ओरडला, "अरे, तू तर बिघडवून ठेवलास!"

मेव्हणा चढला. ट्रॅक्टर सुतासारखा सरळ गेला. मग बायको चढली. ती जन्मात कधी ट्रॅक्टरवर बसली नव्हती, तीही सरळ गेली, वर परतताना चादर उचलून घेऊन आली.

"ट्रॅक्टरचा प्ले, हा सैलपणा, गेला, दाजी," मेव्हणा म्हणाला. "तुमचा राहिला. आता तुम्हाला कुठल्या लेथवर चढवू?"

बायकोने मात्र जुना मफलर आणला. सारथ्याची दोन्ही कोपरं बरगड्यांशी घट्ट बांधली आणि वरून स्वेटर चढवला. "आता नुसती मनगटं हलवा. हात लांबलाच नाही तर चुकेल कसा?"

संध्याकाळपर्यंत सराव झाला. चादरी वाचल्या.

सोमवारी मोठ्या बाई उभ्या होत्या, बाकावर बसायची त्यांची हिंमत नव्हती. खिडक्या-खिडक्यांतून पेशंट डोकावत होते. सारथी निघाला. अर्धा पट्टा छान झाला. पण पुढे एका बाजूला गुलाब आणि दुसऱ्या बाजूला कारंज्याचा हौद, मधे जेमतेम ट्रॅक्टरपुरती जागा. ती दिसली आणि जुनी खोड उसळली. कोपरं मफलरला हिसके द्यायला लागली, मनगटंही शिवशिवायला लागली. सारथ्याला कळलं, हात स्टेअरिंगवर राहिले तर ते आपलंच खरं करणार. त्याने हात सोडले, डोळे मिटले आणि बांधलेल्या कोपरांनी जमतील तसे छातीशी जोडले.

ट्रॅक्टर सरळ निघून गेला.

डोळे उघडले तेव्हा गुलाब मागे राहिले होते, एक पाकळीही पडली नव्हती. तो ब्रेक मारून थांबला. स्वेटरखालून मफलरचं टोक लोंबत होतं.

मोठ्या बाई जवळ आल्या. आधी मफलरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हात सोडून चालवता?"

"बाई, धरले असते तर गेलो असतो गुलाबात."

बाईंनी हसू दाबलं. "काम तुमच्याकडेच राहील. पण यापुढे देव मनात आणि हात स्टेअरिंगवर."

घरी बायको मफलरची गाठ सोडायला बसली. ती इतकी आवळली गेली होती, की दात लावावे लागले.

"उद्यापण बांधायचा ना?" तिने विचारलं.

"बांध की," सारथी म्हणाला. "आत्ताच बांधून ठेव. सकाळी घाई नको."