चाकू कोणाचा?

मंडळी, डाव्या अंगठ्यानं टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

मी शेंद्र्याला एका कंपनीत स्टोअरला आहे. माल आला की खोक्यांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापाव्या लागतात. कटर मागून मागून थकलो, तेव्हा सुपरवायझर म्हणाले होते, "घरून आणा की एखादा." तेव्हापासून माझा घडीचा चाकू पँटच्या खिशात असतो. त्याचा खटका ढिला झालाय, हे मला माहीत होतं. तरी वापरत होतो.

आज तो खिशातच उघडला. किल्ली काढायला हात घातला आणि तीन बोटं चिरली. रक्त लई गेलं.

औषधाच्या पेटीत कात्री नव्हती. सुपरवायझरनी तोच चाकू पुसला आणि त्यानंच माझ्या बोटांना लावायची चिकटपट्टी कापली. मग रजिस्टर उघडून विचारलं, "चाकू कोणाचा?"

"माझाच."

"मग हा कंपनीतला अपघात नाय. आणि हा चाकू परत आणायचा नाय."

गेटवरच्या फळ्यावर अपघाताविना गेलेले दिवस लिहितात. संध्याकाळी निघालो तेव्हा त्यात आजचाही दिवस धरला होता.

उद्या परत मालाची गाडी येणार. तुमच्याकडं पट्ट्या कशानं कापतात? माझ्याकडं आता दातच उरलेत.