महाजन सर आणि चालू राहिलेला टायमर

खोलीतला पंखा बंद करायचा असला तरी महाजन सर आधी मोठ्याने विचारत, "कुणाचं काही चालू आहे का?" पंख्यावर कुणाचं काय चालू असणार! पण ते थांबत. कुणी "नाही सर" म्हटलं की मगच बटण दाबत. मला सुरुवातीला हा माणूस जरा विचित्रच वाटला.

तापीकाठच्या शहरात, इतवारा पेठेत, एका दुकानाच्या माडीवर आमचं काम चालतं. केळीच्या बागेला ठिबकचं पाणी सोडणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. पाणी कधी सोडलं, किती वेळ सोडलं, ते पेटी मेमरी कार्डावर लिहून ठेवते. पेटीतले प्रोग्राम सर लिहीत. मी आठवीत शाळा सोडलेला, दापोलीकडचा, मेव्हण्याच्या ओळखीने एवढ्या लांब आलेला. कार्ड घालायचं, काढायचं आणि पेटी नीट चालते का बघायचं, हे माझं काम. आज आपल्याला काढून टाकतील असं मला रोज वाटायचं. म्हणून हात भराभर चालवायचो.

आणि माझ्याच टेबलावर पेट्या बंद पडायला लागल्या. शेजारी सविताताई कार्ड काढायच्या, तिथे सगळं ठीक. मी काढलं की थोड्या वेळाने पेटी मेल्यासारखी. आमचे मालक चौधरी शेठ वर आले.

"काय ओढून राहिला रे तू? कार्ड आहे ते, केळीचं पान नाही. उद्यापासून नको येऊ."

मी डबा उचलला. सर मान वर न करता म्हणाले, "शेठ, येऊ द्या त्याला. मला लागतो तो." मग माझ्याकडे वळले. "काढून दाखव भाऊ."

मी घाबरून अगदी हळू काढलं. पेटी ठीक. सर वैतागले. "असं नको ना! रोज जसं काढतो तसं काढ. तू शहाण्यासारखा वागला तर मला सापडणार कसं?"

मग रोजच्यासारखं काढलं, कार्डावर लिहिणं चालू असल्याचा पेटीवरचा दिवा लुकलुकत असतानाच. सविताताई तो विझेपर्यंत थांबायच्या. पेटी बंद पडली आणि सर खूश. "बस, हेच पाहिजे होतं! नदीपलीकडचा, जैनाबादचा शेतकरी काय दिवा बघत उभा राहील? तो असंच काढणार."

कार्डाशी बोलणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कार्डाकडे काही मागतो तेव्हा एक टायमर लावतो. उत्तर आलं नाही तर टायमर वाजतो आणि मागणी गुंडाळून टाकतो. मी कार्ड काढलं की ड्रायव्हर आपलं सामान आवरून जागा रिकामी करायचा, पण टायमर तसाच चालू. तो नंतर वाजायचा, रिकाम्या जागेत हात घालायचा आणि पेटी कोलमडायची.

सरांनी दुरुस्ती केली : आधी टायमर थांबव, त्याचं काम चालू असेल तर संपेपर्यंत थांब, मग आवर. मी कार्ड काढलं. आता तर पेटी तिथल्या तिथे अडकली. सरांनी पडद्यावर प्रोग्राम पुन्हा वाचून काढला आणि मग स्वतःवरच हसले.

"मी पण ना! कार्डाच्या सामानाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून प्रोग्रामात किल्ली ठेवलेली. ती स्वतःच्या मुठीत धरून दाराशी बसलो, आणि आतल्या टायमरला म्हणून राहिलो, काम आटप, बाहेर ये. अरे, त्याचं काम त्या किल्लीशिवाय आटपतच नाही. तो माझी वाट बघतो, मी त्याची. पहिले किल्ली सोड, मग वाट बघ."

तसं केलं. मी दिवसभर कार्डं ओढत राहिलो, पेटी चालत राहिली. संध्याकाळी सर खाली गेले. जिन्यातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "शेठ, त्याचा हात बरोबर आहे. माझं चुकलं होतं." शेठ काय म्हणाले ते कळलं नाही. पण मला परत कुणी नको येऊ म्हटलं नाही.

सर गेल्या थंडीत गेले. छातीत कळ आली आणि संपलं. तापीवर आम्ही सगळे गेलो होतो. सविताताई रडत होत्या, शेठ रडत होते. मी नुसता उभा. हात कुठे ठेवावेत तेही सुचत नव्हतं. लाकडं नीट लागली आहेत का, एवढंच बघत होतो. दुपारी शेठ म्हणाले, "घरी जायचं असेल तर जा." मी कामावर गेलो.

संध्याकाळी आईचा फोन आला. "आवाज असा का येतोय तुझा?"

सांगितलं, एक जण वारले.

"कोण रे? तुझे कोण लागत होते?"

मी म्हटलं, "कामावरचे होते."

"बरं," आई म्हणाली. "जेवलास का?"