बाईसाहेबांचा नातू

घडीच्या लोखंडी खुर्च्या उघडल्याचा खणखणाट कुठेही ऐकला की मला माझ्या पहिल्या पुस्तकाचं प्रकाशन आठवतं. सरदार घराण्यातल्या, निवडणूक जिंकून आमदार झालेल्या आणि पुढे पुण्यानं साफ विसरून टाकलेल्या एका बाईंचं ते चरित्र. माहितीसाठी त्यांच्या नातवाकडे गेले, तेव्हा "मी सरदारांचा नातू," अशी ओळख देऊन ते थंडपणे म्हणाले होते, "अहो, आजोबा गेले म्हणून आजी उभ्या राहिल्या. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" प्रकाशकांनीही पन्नासच खुर्च्या मांडायला सांगितल्या होत्या. त्या संध्याकाळी सभागृहात मोगऱ्याचा आणि नव्या छपाईचा वास होता, आणि पहिल्या रांगेत एकटे ते नातू बसले होते. मग पेपरातली छोटीशी बातमी वाचून हडपसरहून बायका यायला लागल्या. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, त्यांच्या सुना, जीन्समधल्या नाती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या अंथरल्या, त्याही पुरेनात. एका आजींनी मुखपृष्ठावरच्या फोटोवरून हळूच हात फिरवला आणि शेजारी बसलेल्या सरदारांच्या नातवाला ऐटीत सांगितलं, "ह्या बाईसायबांनी भांडून आमच्या गावात पोरींची शाळा आणली. म्या तिथंच शिकले. तुमी कोन त्यांचे?" ते उठून उभे राहिले. दारात ताटकळलेल्या एका म्हातारीला हात धरून त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी बाईसाहेबांचा नातू." काल नव्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांनी पुन्हा विचारलं, "खुर्च्या किती?" मी म्हटलं, "सतरंज्या आधी काढा."