टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

चकवा, भानामती, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठून जायचो. आमचं घर बौद्ध. नवस नाही, अंगारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. त्यात माझा धंदा इंजिनांचा. धर्माबादला माझं गॅरेज आहे — पाण्याचे पंप, फवारणीची मशीनं, आणि गोदावरीत मासे धरणाऱ्यांच्या होड्यांच्या मोटारी. इंजिन बिघडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. म्हणून हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि नदीकाठची एक शेतवस्ती चारी बाजूंनी वेढली गेली. गावाचं नाव देत नाही, तिथल्या लोकांना उगाच फोन नकोत. वस्तीवरच्या सविता नावाच्या सुनेला सकाळपासून कळा सुरू झालेल्या. पहिलटकरीण. बचाव पथकाची बोट दुसरीकडे गुंतलेली. शेवटी आरोग्य उपकेंद्राच्या वंदना सिस्टरनी रफिकचाचांना फोन लावला. चाचा जुने मच्छीमार, होडी त्यांची स्वतःची. चाचांनी मला फोन केला.

"मोटार तुमीच नीट करून दिली ना? मग तुमीच चला संगं. असल्या पाण्यात एकटा न्हाई जाणार मी."

दुपारी आम्ही तिघं निघालो. पाऊस थांबला होता. चाचा मागे मोटारीच्या दांड्यावर, सिस्टर पुढे बॅग मांडीवर घेऊन, मी मधे. पेट्रोलची लाल टाकी माझ्या पायांत. खाली सगळी सोयाबीनची शेतं, वर गढूळ पाणी. बाभळींच्या शेंड्यांवरून बांध कुठे असेल ते ओळखायचं.

अर्धी वाट गेलो असू, मोटार गचके द्यायला लागली. आवाज फाटला, पॉवर गेली. चाचांनी पूर्ण रेस दिली तरी होडी रांगतच होती.

"काय झालं हो?" सिस्टरनी वळून विचारलं.

"बघतो, थांबा."

मोटार बंद करून वर उचलली. पंख्यात गवत-प्लॅस्टिक काही नाही. प्लग काढून पुसले, ठिणगी चांगली. मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हातात धरला तर तो चपटा झालेला... तेव्हा लक्षात आलं. टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. तो उघडा असेल तरच टाकीत हवा शिरते आणि पेट्रोल पुढे जातं. तो बंद होता. घट्ट बंद.

माझंच हसू मला आलं. निघताना उघडायचा राहिला असेल. उघडला, फुगा दाबून भरला, मोटार एका झटक्यात चालू झाली.

थोडं पुढे गेलो आणि पुन्हा तेच. गचके, फाटका आवाज. मी खाली पाहिलं. स्क्रू बंद.

"चाचा, हात लावला का याला?"

"माझा हात दांड्यावर हाय ना बाबा! इथून तिथं कसा पुरंल?"

सिस्टर तर माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होत्या, "सविता, लांब लांब श्वास घे. आलोच आम्ही." टाकीजवळ फक्त मी.

मला राग आला. स्क्रू उघडला आणि खिशातली काळी चिकटपट्टी त्यावर आडवी-उभी आवळून गुंडाळली. आता फिरून दाखव म्हटलं. मोटार परत गुळगुळीत चालायला लागली. समोर वस्ती दिसत होती. पत्र्यांवर माणसं उभी राहून हात हलवत होती. वाटेत फक्त बाभळींची एक रांग आणि तिच्यात मोकळी जागा, बैलगाडी जाईल एवढी. चाचांनी होडीचं नाक तिकडेच धरलं.

आणि मोटार मेली.

पट्टी जशीच्या तशी होती. एक कोपरासुद्धा सुटलेला नाही. मी ती नखांनी सोलून काढली. आत स्क्रू बंद. इतका घट्ट की बोटांनी हलेना. मी पकड काढायला खिशात हात घातला.

"लवकर करा हो," सिस्टर म्हणाल्या. "तिचं पाणी गेलंय."

"नका करू," चाचा एकदम म्हणाले. आवाज बदललेला. "तिकडं बघा, झाड येतंय. जाऊ द्या त्याला पुढं."

आमच्या बाजूनं एक उन्मळलेलं झाड वाहत पुढे गेलं. ओल्या फांद्या वर आलेल्या. ते त्या मोकळ्या जागेत शिरलं आणि फाट् करून निळा जाळ उडाला. फांदीतून धूर निघाला. तेव्हा कुठे आम्हाला तार दिसली. पलीकडचा खांब पुरानं वाकला होता आणि विजेची तार पाण्यावर लोंबत होती, बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. ढगाळ आभाळ, करडी तार... जवळ जाईपर्यंत दिसलीच नसती. मोटार चालू असती तर झाडाच्या आधी आम्ही तिथं असतो.

चाचांनी वल्हं उचललं आणि होडी मागे घेतली.

सिस्टरनी वीज मंडळाला फोन करून लाइन बंद करायला सांगितलं, आणि आम्ही वस्तीच्या पाठीमागून लांबचा वळसा घेतला. मी पकडीनं स्क्रू उघडला. त्यानंतर जाताना नाही, येताना नाही, मोटारीनं एकदाही खोकला काढला नाही. येताना होडीत सविताची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, सिस्टर तिला धीर देत होत्या, आणि मी मात्र त्या झाकणाकडे बघत बसलो होतो. दवाखान्यात पोचल्यावर थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." चाचा तिथंच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मलाही त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की पाय जमिनीला लागत नव्हते.

नंतर ती टाकी मी गॅरेजवर आणली. पिंपात पाणी भरून मोटार लावली, तासन्‌तास चालवली, हादरे बसावेत म्हणून टाकी मोटारीलाच बांधली. स्क्रू फिरला नाही. हादऱ्यानं स्क्रू ढिला होतो, मला माहीत आहे. पट्टीच्या आत राहून पकड लागेल इतका आवळला जात नाही. चाचांना विचारलं तर त्यांनी आभाळाकडे बोट केलं. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही घाबरून स्वतःच बंद केला असेल." पण पहिल्यांदा घाबरायला काय होतं तिथं?

देव मानायला मी अजून लागलेलो नाही. परवा सविता पोरीला घेऊन गॅरेजवर आली होती. पोरीनं माझं ग्रीसचं बोट धरलं, तिच्या झबल्याला डाग पडला. मी ओशाळलो तर सविता म्हणाली, "राहू द्या हो दादा, धुतलं की निघंल."

निघाला नसेल बहुतेक. ग्रीसचा डाग सहसा निघत नाही.