सुपाऱ्यांचा पूल

मला त्या साहेबाचा राग येत नाही. राग यायला समोरचा माणूस तेवढ्या लायकीचा लागतो. आमच्या नदीवर झुलता पूल बांधायला आलेला तो इंजिनीअर आठवला की मला नुसतं थुंकावंसं वाटतं. थुंकून झाल्यावर लक्षात येतं, की थोडं आपल्याच सदऱ्यावर उडालं आहे.

निजामाचं राज्य होतं, जायला अजून दोन-तीन वर्षं होती. वसमतच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात मी सुतार. नांगर, तिफणी, गाडीची चाकं, दाराच्या चौकटी हे माझं काम. नदी गावाला खेटून. उन्हाळ्यात कोंबडीसुद्धा पाय न भिजवता पलीकडं जायची आणि पावसाळ्यात चार-चार दिवस हत्तीला उतार मिळायचा नाही. वसमतचा रस्ता पलीकडं, गायरानही पलीकडंच.

साहेब हैदराबादेत शिकलेला. त्यानं चिंचेखाली तंबू ठोकला आणि पहिल्याच दिवशी मला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, आधी नमुना, मग काम. नमुन्यात जे घडतं तेच नदीवर घडतं." हे वाक्य त्यानं पुढं इतक्यांदा ऐकवलं की गावातल्या पोरासोरांना पाठ झालं. वाक्य खोटं नव्हतं. ते अक्षरशः खरं निघालं, फक्त ज्याचं होतं त्यालाच ते कळलं नाही.

मी दोन हात लांबीचा सागवानी नमुना केला. दोन टोकांना दगडी खांबांच्या जागी लाकडी ठोकळे, त्यांवरून पितळी तारा, तारांना लोंबणाऱ्या बारीक सळया आणि त्यांवर टांगलेल्या फळ्या. सळयांच्या मधल्या मोकळ्या जागेत बांबूच्या कामट्यांचा कठडा. कामट्या साहेबाला नाजूक हव्या होत्या, कारण जाड कामट्यांनी म्हणे पुलाची शोभा जाते. मी केल्या नाजूक. काम इतकं देखणं झालं की माझं मलाच त्याच्यासमोरून उठवेना. साहेब म्हणाला, "हा नमुना हैदराबादला जाणार, आणि दाखवायला तूही येणार." त्या दिवसापासून मी गावात छाती काढून चालू लागलो. आजवर ज्यांची चाकं नीट केली त्यांना मी ओळख देईनासा झालो. कुत्र्याला गाडीखालून चालताना गाडी आपणच ओढतो असं वाटतं, तसं माझं झालं होतं.

मग साहेबाचे प्रयोग सुरू झाले. माणसं म्हणून तो नमुन्यावर सुपाऱ्या ठेवायचा. पण सुपारी गोल, ती गडगडायची. गडगडलेली साहेबाला खपायची नाही. त्यानं मला प्रत्येक सुपारीखाली मेणाचा ठिपका लावायला सांगितला. मग माणसं जागच्या जागी उभी राहू लागली आणि साहेबाला गणित सोपं झालं. मेंढरांचं काय, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा त्यानं अडकित्ता मागवून सुपाऱ्या मधोमध कापल्या. एक मेंढरू म्हणजे अर्धी सुपारी! कापलेली बाजू खाली ठेवली की ती हलायचंसुद्धा नाव घेत नाही. भोवती उभे असलेले गावकरी "वा वा" म्हणाले. आमच्या गावात साहेबाला शिंक आली तरी "वा वा" म्हणणारे कमी नव्हते. त्यांत मी पहिला.

त्या गर्दीत एक धनगरीण उभी होती. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात एक लेक आणि बेचाळीस मेंढरं. एवढाच तिचा संसार. पावसाळ्यात गायरान तुटलं की मेंढरं उपाशी बसायची, म्हणून पुलाची वाट सगळ्यांत जास्त तीच बघत होती. ती पुढं झाली, वाकून नमुन्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सायेब, मेंढरू असं मधोमध उभं ऱ्हात न्हाई."

"मग कसं राहतं?"

तिनं अंगठ्यानं सगळ्या अर्ध्या सुपाऱ्या एका अंगाला लोटल्या. "असं. एक जिकडं गेलं तिकडं समदे. अन मंग येकमेकाला रेटतेत." तिनं जरासंच रेटलं. कामटी कट्कन मोडली आणि पाच-सहा सुपाऱ्या टेबलावरून खाली मातीत पडल्या.

साहेब हसला. साहेब हसला म्हणून गावकरी हसले. "बाई, नमुन्याला हात लावायचा नसतो," असं म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सरसाचं भांडं उचललं आणि तिच्या डोळ्यांदेखत कामटी चिकटवली. फुंकर मारून वाळवलीसुद्धा. चिकटवताना मीही हसत होतो.

खरा पूल उभा राहिला. खांब आमच्या गवंडीचाचांनी बांधले. चाचांच्या चार पिढ्या याच गावात दगड घडवत आलेल्या, त्यामुळं खांबांना कशाची भीती नव्हती. तारांचे दोर चांगले, फळ्या मी बसवलेल्या, त्याही चांगल्या. कठडा मात्र नमुन्याबरहुकूम, बोटाएवढ्या कामट्यांचा.

मग वजनाची परीक्षा. साहेबाला वाळूनं भरलेली पोती हवी होती. पण श्रावण चाललेला, वाळू सगळी पुराखाली, आणि गावात पोती होती ती एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं, तीही हळदीनं भरलेली. पूर ओसरला की वसमतला न्यायला म्हणून रचून ठेवलेली. साहेब म्हणाला, वजन म्हणजे वजन, वाळू काय आणि हळद काय. व्यापारी घाबरला. हळद पाण्यात गेली तर त्याचं वर्ष गेलं असतं. तो म्हणाला, "पोती देतो, पण येक बी कडंला ठिवायचं न्हाई. मधोमध ठिवा अन फळ्याला बांधा." साहेबानं लगेच मान हलवली. त्याच्या नमुन्यातली मेणावरची माणसं अशीच तर उभी होती. मी स्वतः काथ्यानं पोती बांधली, एकेक गाठ ओढून बघितली. दिवसभर पोती पुलावर बसून राहिली आणि संध्याकाळी साहेबानं वहीत लिहिलं, परीक्षा उत्तीर्ण.

गवंडीचाचा काठावर बिडी ओढत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, पोते चालते का कधी?" मी म्हणालो, "चाचा, तुमी दगडाचं बघा." मला त्यांची कीव आली होती. आज मला कोणाची कीव येते ते सांगायला नको.

हैदराबादहून मोठे साहेब पूल बघायला येणार असं ठरलं. पुलावरून पहिलं जायला गावातला एकही वाघ तयार होईना. "वा वा" म्हणणाऱ्या सगळ्यांना त्याच दिवशी शेतात कामं निघाली. तेव्हा साहेबाला मेंढरं आठवली. बेचाळीस मेंढरं झुलत्या पुलावरून ओळीनं चालली आहेत, यापेक्षा चांगला देखावा कोणता? त्यानं धनगरणीला निरोप धाडला.

ती साहेबाकडं गेली नाही. माझ्या घरी आली. मी अंगणात रंधा मारत होतो. ती उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "मिस्त्री, आठ दिस झाले, मेंढरं झाडपाल्यावर हायेत. न्यायची तर लई गरज हाय. पर तुमी सांगा. तुमच्या हातचं काम हाय. नेऊ का?"

मला माहीत होतं. त्या कामट्या मी माझ्या हातानं सोलल्या होत्या. गुडघ्याच्या एका धक्क्यानं कोणती मोडेल तेही मला माहीत होतं. "दोन दिवस थांब, मी बाभळीच्या आडव्या दांड्या ठोकतो," एवढंच म्हणायचं होतं. पण दांड्या ठोकल्या असत्या तर पूल नमुन्यासारखा दिसला नसता, साहेब बिघडला असता, आणि माझं हैदराबाद गेलं असतं.

"बराबर हाय," मी म्हणालो. "न्या बिनघोर."

त्या दिवशी पलीकडच्या काठावर मोठे साहेब खुर्चीत बसले होते. गावकऱ्यांनी स्वागताला वाजंत्री आणली होती, कारण आमच्याकडं बैल विकत आणला तरी वाजतगाजत आणतात, मग साहेब का सुटावा! धनगरीण पुढं, मागं घंटा बांधलेला एडका, त्याच्या मागं मेंढरं, शेवटी तिची लेक. पूल हलला, पण टिकला. मेंढरं निम्म्यावर आली आणि पलीकडं मोठे साहेब उठून उभे राहिले. ते उठले म्हणून ताशा कडाडला.

एडका थबकला. मागं वळायला बघू लागला, वळता येईना म्हणून डाव्या अंगाला गेला. एक जिकडं गेलं तिकडं सगळी गेली. कामट्या मोडल्याचा आवाज ताशातही मला ऐकू आला. एडका खाली गेला आणि त्याच्यामागं मेंढरं स्वतःहून उड्या टाकल्यासारखी गेली. धनगरीण कठड्याच्या भोकाशी आडवी पडून हातात येईल त्याचा पाय, लोकर, कान धरत होती. लेकीनं मागची नऊ तेवढी अडवून धरली. खाली लाल पाणी होतं. थोडा वेळ त्यात पांढरं काहीतरी दिसत राहिलं, मग वळणाआड गेलं.

पूल पडला नाही. हे साहेबानं मोठ्या साहेबांना तीन वेळा सांगितलं. दोर शाबूत, खांब शाबूत, फळ्या शाबूत. दोष जनावरांचा. ती शिस्तीत चालली नाहीत. मोठ्या साहेबांना ते पटलं. तंबू आठवड्यात उठला. नमुना हैदराबादला गेला, मेणावरच्या सुपाऱ्यांसकट. मला कोणी बोलावलं नाही. मी फेटा धुऊन ठेवला होता.

त्यानंतर धनगरीण एकदाच माझ्या दारात आली. मला वाटलं शिव्या देईल, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"मिस्त्री, ती काडी माझ्याच हातानं मोडली व्हती ना?"

"व्हय."

"अन तुमी माझ्यासमोरच चिकटवली."

"व्हय," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी बाभळीचं लाकूड काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. छातीएवढ्या उंचीचा कठडा केला, मनगटाएवढ्या दांड्यांचा, खिळ्यांऐवजी खाचा पाडून पक्का बसवलेला. पुलाची शोभा पार गेली. काम संपलं तोवर पावसाळा सरून नदीत गुडघाभर पाणी उरलं होतं. त्या दिवशी ती नदीवर आली. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरून सगळं अंग टाकून रेटलं, मग पलीकडच्या बाजूचाही रेटला. कठडा हलला नाही.

"आता बराबर हाय," ती म्हणाली.

मग ती पुलावरून खाली उतरली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, आणि उरलेली नऊ मेंढरं घेऊन पाण्यातून पलीकडं गेली.